माणशी दोन काठ्या

वऱ्हाडातून परतल्यापासून माझी गळाची काठी दाराआड उभी आहे आणि मी तिला हात लावलेला नाही. शेजारणी विचारतात, प्रवास कसा झाला. जेवण फार चांगलं मिळालं, माणसं मायाळू होती, असं मी सांगते. ते खोटं नाही. पण पुढचं सांगायला गेले की माझा आवाज चढतो, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मी सांगलीची. शिवणकामाचे वर्ग घेते. कृष्णेच्या घाटावर बसून मासे धरायला मला वडिलांनी शिकवलं आणि पन्नाशी उलटली तरी तो नाद सुटलेला नाही. बाईमाणूस काठी घेऊन बसते याचं आता आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. किती काठ्या लावायच्या याचा आमच्या घाटावर काही नियम नाही. माणसाला दोन डोळे असले तरी ते एकाच ठिकाणी लागतात, म्हणून एका माणसाची एक काठी. जिच्यापाशी माणूस बसलेला नाही, ती काठी कोणाचीच नाही, असं आम्ही मानतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या लग्नाला पातूरकडचे पाहुणे आले होते. त्यातले एक धोतर-टोपीवाले म्हातारे गृहस्थ अक्षता पडल्या पडल्या मांडवातून निसटले आणि थेट घाटावर आले. माझ्या शेजारी बसले, जास्तीची काठी मागून घेतली आणि पंगत उठेपर्यंत हलले नाहीत. ते नानाजी. घरची भाजीपाल्याची आणि फुलांची शेती, आणि माझ्यासारखाच नाद.

"आमच्याइकडच्या तलावावर माणशी दोन काठ्याचा नियम हाये," ते म्हणाले होते. "पयले नव्हता. शहरातून गाड्या येत. एकेक माणूस दहा-दहा, बारा-बारा काठ्या रोवे अन् सावलीत झोपून राहे. गावच्या माणसाले बसाले जागा नाही उरे. मंग मी जाऊन बसलो संस्थेच्या दारात. म्हटलं, नियम करा, तवाच उठतो."

संस्था म्हणजे त्या तलावाचा ठेका असलेली मच्छीमारांची संस्था. नियम झाला. हौशी लोकांनी पास काढायचा, एका पासावर दोन काठ्या, आणि पासवाला माणूस स्वतः काठावर हजर पाहिजे. हे सांगताना नानाजींची मान ताठ झाली होती. "एकदा ये तू, ताई. माह्या बाजूले बस. तुह्या दोन, माह्या दोन," असं म्हणून ते गेले. नंतर फोनवर बोलणं होत राहिलं. मग त्यांचा फोन बंद झाला आणि मुलाचा, गजाननचा, यायला लागला. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. "तुमची लय आठवण काढतेत, ताई. या एकदा. तुमचा पास मीच काढून ठेवतो, फक्त फोटो पाठवा." पासाचंसुद्धा त्यानेच बघितलं म्हणून मला भरून आलं होतं. हे आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

अमरावती

पाहिलं नव्हतं म्हणून आधी अमरावतीला गेले. गाडीतले तास सांगण्यासारखे नाहीत. अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि बाहेर येऊन गाड्यावर गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला मऊ वडा आणि वर हिरव्या मिरचीची चटणी. सांगलीकरणीला तिखटाचं काय सांगता, अशा तोऱ्यात मी चटणी जास्त मागितली आणि मला उचकी लागली. गाडीवाला म्हणाला, "पाणी नोका पिऊ, दही घ्या अजून." त्याचे पैसे घेतले नाहीत. इथे बोलताना कोणी साखर पेरत नाही, पण वाढताना हात आखडत नाही. आमच्याकडेही तसंच आहे, म्हणून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

बाजारात गळाचं सामान विकणारं दुकान सापडलं. मला तंगूस हवा होता, म्हणजे नायलॉनची दोरी. पातूरकडच्या तलावावर जाणार आहे असं सांगितल्यावर दुकानदाराने विचारलं, "किती डोके हायेत?"

"मी एकटीच आहे."

"तसं नाही जी. तिथी काठ्या डोक्यावर मोजतेत. जितके डोके, त्याच्या दुप्पट काठ्या. मागं एक जण आपल्या सासूले घेऊन गेला. पोथी वाचत बसली बिचारी दिवसभर, अन् यानं चार काठ्या लावल्या."

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं हसली. मीही हसले. मला त्यात एका जावयाची गंमत तेवढी दिसली.

अकोला

अकोल्याच्या स्टँडवर गजानन घ्यायला आला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. माझी पिशवी हातातून ओढूनच घेतली. गावातल्या बंडूला त्याच्या ऑटोसकट घेऊन तो सकाळी शेवंतीची फुलं विकायला आला होता आणि थोडी फुलं जुन्या शहरातल्या एका हारवाल्याला द्यायची राहिली होती, म्हणून आधी तिकडे गेलो. पुलावरून मोर्णा ओलांडली. नदीभर जलपर्णी. पाणी दिसायला वाकून बघावं लागत होतं. लहानपणी मामाकडे आलो की या नदीत गळ टाकायचो, असं नानाजींनी मला सांगितलं होतं. कृष्णेलाही आम्ही काही धड ठेवलेलं नाही, त्यामुळे नावं ठेवायला मला तोंड नाही. पण वाईट वाटलं ते वाटलंच.

पातूरकडे जाताना दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीचं रान आणि शेंगांनी वाकलेली तूर होती. संक्रांत होऊन गेली होती आणि हवेत बरा गारवा होता. गजानन वाटभर त्याच्या मोबाइलवरचे माशांचे फोटो दाखवत होता. कटला, रोहू, एक भला मोठा मरळ. प्रत्येक फोटोत मागे काठ्यांची रांग.

"सगळ्या तुझ्या?" मी विचारलं.

"आपल्याच हायेत. पण नियमात हाये हं, ताई. एक बी जास्त नाही. बाबाचा पोरगा हावो मी." ते त्याने फार अभिमानाने सांगितलं.

नानाजींचं घर

नानाजी अंगणात खाटेवर होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. शब्द यायचे, पण एकेक, दगड उचलून ठेवल्यासारखे. मला बघून त्यांनी डावा हात पुढे केला.

"आली का वं?"

"आले. तुमच्या बाजूला बसायला आले."

ते रडले. मीही रडले. गजाननची बायको शीला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिनेही डोळे पुसले.

शीलाने तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी केली होती. ते त्यांना सोले म्हणतात. ज्वारीची भाकरी, मळ्यातल्या वांग्याचं भरीत आणि ठेचा. आम्ही सांगलीकडे आमटीत गूळ टाकतो असं सांगितल्यावर ती "अगं माय!" म्हणून हसत सुटली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात मासा शिजत नाही, गजानन पकडलेले मासे वाटून टाकतो किंवा विकतो, हे तेव्हा कळलं. नाद फक्त पकडण्याचा.

"उद्या रविवार, आपुन समदे जाऊ तलावावर," गजानन म्हणाला. "बाबाले दर रविवारी नेतो मी. आठ दिवस घरात बसून जीव कोंडते त्याइचा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आजाराने खाटेला खिळलेल्या बापाला दर आठवड्याला तलावावर नेणारा मुलगा! सांगलीला गेल्यावर हे दहा घरी सांगायचं, असं मनात म्हणत मी झोपले. नानाजी मात्र त्याच्या बोलण्यावर काहीच म्हणाले नव्हते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तलाव

तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे कोणी चुकीचं वागलं असं मला म्हणताच येत नाही आणि माझी चीड तीच आहे.

जागा सुंदर आहे. पलीकडे डोंगरांची निळी रांग, काठाला बाभळी, पाण्यावर बदकांचा थवा. सकाळी बंडूने आम्हाला रस्त्यावर उतरवलं आणि तो सवाऱ्या मारायला गेला. नानाजींना त्याने आणि गजाननने मिळून आधी काठापर्यंत नेलं होतं. प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिला टॉवेलने नानाजींची कंबर बांधली, डोक्यावर टोपी, वर छत्री. पाण्याजवळच्या काळ्या मातीत माझी चप्पल रुतली आणि पट्टा तुटला. ती हातात घेऊन मी वर आले तोवर गजानन सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून गळांना लावत होता. पाण्याकाठी काठ्या रोवत चालला होता. प्रत्येकीच्या टोकाला एक घुंगरू, मासा ओढला की वाजणारं. सात काठ्या बाजारातल्या होत्या, रीळवाल्या, त्यांना बारीक किणकिणणारी घुंगरं. एक जुनी बांबूची होती. तिला पितळेचं जाड घुंगरू होतं, घरच्या बैलाच्या गळ्यातलं.

"ही बाबाची काठी. लय लकी हाये," गजानन म्हणाला. "तुमी आल्या म्हणून आज आठ झाल्या, ताई. नाहीतर सहावरच थांबा लागते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गजानन, माळ घातलेली शीला, हात न हलणारे नानाजी आणि मी. चार डोकी, आठ काठ्या. अमरावतीच्या दुकानात आपण कशाला हसलो ते कळलं. शीला खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"तुला आवडतं का इथे?" मी हळूच विचारलं.

"मले काय आवडते त्यात? मी मासा पाहत बी नाही. रविवारी चांगला बाजार असते, भाजी विकाची सोडून इथी बसा लागते. उठून गेली त माह्या दोन काठ्या जातेत म्हणतेत हे."

मी पिशवीतून माझी काठी काढली. वडिलांच्या हातची, जुनी. नानाजींच्या खुर्चीशेजारी सतरंजी टाकली आणि गळ पाण्यात सोडला. नानाजींच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. एवढ्यासाठीच मी सांगलीहून आले होते. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, आम्ही दोघं पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाकडे बघत बसलो आणि मला बाकीचं काही दिसलं नाही.

गजानन धावत आला. "ताई, ताई, आत घ्या ते. नऊ होतेत ना!"

"मग तुझी एक काढ. माझ्या नावावर दोन आहेत ना? त्यातली एक ही."

"आता ढेप लावून टाकली, ताई. अन् तुमच्या काठीले इथचा मोठा मासा पेलनार नाही. तुमी आरामात बसा ना. तुमच्या दोन्ही मीच सांभाळतो." तो हे अगदी गोड बोलला. पाहुणीला काम पडू नये म्हणून काळजी घेणारा यजमान जसा बोलेल तसाच. मी म्हटलं, काढणार नाही. मी हट्टालाच पेटले होते.

तेवढ्यात संस्थेचा राखणदार आला. शांत, वयस्कर माणूस. त्याने माणसं मोजली, काठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. "एक जास्त हाये."

"पावण्या हायेत जी आमच्या," गजानन हसत म्हणाला, "त्याइले माहीत नाही."

राखणदाराने माझ्या हातातून काठी घेतली, दोरी नीट गुंडाळली. "रागावू नोका, बाई. संध्याकाळी जाताना माह्या खोलीवरून घेऊन जा. नियमच हाये तसा, माणशी दोन. एकानं जास्त लावल्या त दुसऱ्यानं कुठी बसाव?"

नानाजींचंच म्हणणं, फक्त वेगळ्या शब्दांत. अन् ते ऐकवलं मला, जिने त्या काठावर एकच गळ टाकला होता. बोलायला गेले तर राग आणि रडू एकदमच आलं. राखणदाराची चूक नव्हती. त्याचा हिशोब बरोबर होता.

"माह्या... काढ," नानाजी म्हणाले.

राखणदार वाकला. "काय म्हणता, बाबा?"

"माह्या दोन. काढ. मले... मोजू नोको. मी इथी नाही."

राखणदाराला हसू आलं. "समोर त बसून हा, बाबा. पास हाये, माणूस हाये. मी कशा काढू?" त्याने नानाजींच्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुढच्या टोळीकडे गेला. त्या टोळीत दोन म्हाताऱ्या होत्या. सावलीत वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्याही काठ्या लागलेल्या असणार.

दुपारी बंडू घरून डबा घेऊन आला. नानाजींनी तोंड उघडलं नाही. शीलाने भाकरी कुस्करून पुढे केली तर मान फिरवली. "मले गाडीत बसव," एवढंच म्हणत राहिले. दोनदा, चारदा, शेवटी ओरडून. शेजारची माणसं बघायला लागली.

"काहून तमाशा करता, बाबा?" गजानन चिडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मी चोरी करतो का? लोकं राखणदाराच्या नजरेआड जास्तीची काठी लावतेत. मी कधी एक बी जास्त लावली का? तुमचाच नियम पाळून राह्यलो ना मी?"

"काढ... दोन," नानाजी म्हणाले.

"तू काढणार आहेस की नाही?" मी विचारलं. "ते इथून उठले की त्यांच्या काठ्या उठल्या पाहिजेत. हाच नियम आहे ना?"

त्याने हात जोडले. "काढतो, ताई. तुमी न्या त्याइले. काढतो म्हटलं ना."

बंडू आणि शीलाने नानाजींना उचललं, मी छत्री धरली. चढ चढून त्यांना ऑटोच्या मागच्या सीटवर बसवलं, पाठीमागे उशी लावली. ऑटोचं तोंड रस्त्याकडे होतं. तिथून त्यांना तलाव दिसत नव्हता, समोर फक्त तुरीचं शेत. मी त्यांच्या बाजूला बसले. शीला खाली परतली, तिच्या दोन काठ्यांपाशी. बंडू डबा आणायला म्हणून तिच्या मागे गेला.

नानाजींचा श्वास जोरात चालला होता. घाम पुसला, पाणी पाजलं. हळूहळू ते सैल पडले. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं.

"काढल्या?"

मी बाहेर डोकं काढून मागे बघितलं. पाण्याकाठी आठही काठ्या तशाच उभ्या होत्या. नानाजींच्या खुर्चीत, नानाजींच्या छत्रीखाली बंडू बसला होता. गजानन पाकिटातून पास काढून त्याच्या खिशात सरकवत होता. बंडूच्या नावाचाही पास त्याने कधीच काढून ठेवला होता. मांडीवर डबा घेऊन बंडू जेवायला लागला.

"काढल्या," मी म्हटलं.

नानाजींनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा निवला. खोटं बोलल्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. त्यांना तेवढं एक तरी मिळू दे, असं वाटलं.

मग खालून घुंगरू वाजलं. बारीक किणकिण नव्हती ती. जाड, पितळेचा आवाज, बैल मान हलवतो तेव्हा येतो तसा. एकदा वाजलं, थांबलं आणि मग वाजतच राहिलं. गजाननची आरोळी ऐकू आली.

नानाजींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताशेजारी.

"मोठा हाये," ते म्हणाले. मग म्हणाले, "घरी... चाल."

मी ऑटोतून उतरले आणि चढावर उभी राहून बंडूला हाक मारली, बाबांना घरी न्यायचंय, लवकर ये. त्याने घास गिळला आणि खुर्चीतूनच हात हलवला.

"मी कसा येऊ, ताई?" तो ओरडला. "मी उठलो त दोन काठ्या काढा लागतीन ना!"